वाचणारे घर : रामजी सुभेदारांचा भीम

गावोगावच्या चौकांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे उभे आहेत. बहुतेक पुतळ्यांत त्यांनी एका हाताने ग्रंथ छातीशी धरलेला दिसतो. लहान मुले तो ग्रंथ कोणता, असे विचारतात आणि आपण भारताचे संविधान असे उत्तर देतो. हे उत्तर बरोबर आहे. परंतु त्या एका ग्रंथाच्या मागे आयुष्यभर वाचलेले हजारो ग्रंथ उभे आहेत आणि त्या हजारो ग्रंथांच्या मागे एक लहानसे घर उभे आहे, हे मुलांना सांगावयाचे आपल्याकडून बहुधा राहून जाते. बाबासाहेबांच्या विद्वत्तेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या वाचनाचे चरित्र, म्हणजे ग्रंथांची गोडी त्यांना कोठे लागली, कोणी लावली आणि त्या गोडीसाठी घराने काय सोसले, एवढेच सांगण्याचे योजिले आहे. आपल्या मुलांना वाचनाकडे कसे वळवावे, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या पालकांना त्यात काही हाती लागेल अशी आशा आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. ज्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाला गावच्या शाळेची पायरी चढणे दुर्लभ होते, त्या काळी लष्करातील सैनिकांच्या मुलांसाठी शाळा चालत आणि मोठ्या माणसांसाठी रात्रीचे वर्ग भरत. त्यामुळे सैनिकी पेशाच्या अनेक महार कुटुंबांत अक्षरओळख शिरली होती. रामजींच्या घराण्यातील स्त्रियांनाही लिहितावाचता येत असे. स्वतः रामजींनी लष्करी शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. कबीरपंथाची दीक्षा घेतलेले, मद्यमांसापासून दूर राहणारे आणि शिस्तीचे कडक असे हे गृहस्थ होते. गावकुसाबाहेर ढकललेल्या समाजातील एका घरात पुस्तक ही रोजच्या वापरातील वस्तू झाली होती, ती अशी.

निवृत्तीनंतर रामजी दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. साताऱ्यात भीमरावांची आई भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाचसहा वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी या पोरक्या मुलांना पोटाशी धरले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात तो दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत या मुलाला इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाही तर तहानेनेच घरी परतणे.

अशा शाळेत मुलाचे मन रमले नाही तर त्यात नवल ते काय? येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. बाबासाहेब जन्मतःच ग्रंथवेडे होते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात लहानपणी भीमरावांचे मन पुस्तकापेक्षा खेळात आणि बागेत अधिक रमत असे. वडिलांच्या पैशावर जगू नये, मुंबईला पळून जावे आणि गिरणीत काम धरावे, असाही विचार एकदा त्यांच्या मनात आला. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढून घेण्याचा त्यांनी काही रात्री प्रयत्न केला. अखेरीस पिशवी हाती लागली, तेव्हा तिच्यात अवघा अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याची त्यांना लाज वाटली आणि मनाने कौल दिला की, पळण्यापेक्षा अभ्यास करून लवकर आपल्या पायावर उभे राहावे. पुढे मोठेपणी त्यांनी ही हकिगत स्वतःच सांगितली आहे. आपल्या मुलाचे पुस्तकात लक्ष नाही म्हणून निराश होणाऱ्या आईवडिलांनी हा अर्धा आणा लक्षात ठेवावा.

मुलाचे मन शाळेत रमो वा न रमो, रामजींच्या घरातील वाचन थांबत नव्हते. घरी भजने होत, कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग कानी पडत. रामजींनी आणखी एक नेम घालून दिला होता. भीमरावांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने रोज रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचावयाचा आणि घरी जमलेल्या बहिणींनी व शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तो ऐकावयाचा. हा क्रम अनेक वर्षे चालला. त्या समाजात अक्षरशत्रू माणसांची संख्या मोठी होती. मुलाने वाचलेले मोठी माणसे कान देऊन ऐकत आहेत, आपल्या आवाजातून त्यांच्यापर्यंत काही पोहोचते आहे, हा अनुभव त्या मुलाला रोज मिळत होता. ज्याला शाळेत कोपऱ्यात बसविले जात होते, तो मुलगा घरच्या बैठकीत मध्यभागी बसून वाचत होता.

वाचता वाचता त्याला प्रश्न पडू लागले. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आहे आणि शूद्रातिशूद्रांची हीन अवस्था पुनःपुन्हा सांगितली आहे, ते ग्रंथ आम्हांला का वाचावयास लावता, असे भीमरावांनी एके दिवशी वडिलांना विचारले. रामजींना हा प्रश्न रुचला नाही. पोराने सांगितलेले ऐकावे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी विषय मिटविला. परंतु मुलाने तो मिटू दिला नाही. काही काळाने त्याने पुन्हा विचारले. या वेळी रामजींनी विचारपूर्वक उत्तर दिले. आपण अस्पृश्य समाजातील आहोत, त्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड शिरण्याचे भय आहे. द्रोण आणि कर्ण यांच्यासारखी माणसे साध्या स्थितीतून वर चढली, वाल्मीकी तर कोळी होता. ही उदाहरणे वाचून तो न्यूनगंड जावा, एवढ्यासाठी हे वाचन आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. वडिलांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे हे मुलाला पटले. तरी त्याचे समाधान झाले नाही. त्या ग्रंथांतील थोर म्हणविलेली पात्रे त्याला थोर वाटली नाहीत आणि तसे त्याने वडिलांना सांगितलेही.

बापलेकातील हा संवाद पालकांनी नीट ध्यानात घ्यावा असा आहे. रामजींनी मुलाच्या हाती ग्रंथ दिला आणि त्याच ग्रंथाविषयी मुलाने उलट प्रश्न केला. पहिल्या वेळी ते रागावले. पण मुलाने पुन्हा विचारले तेव्हा उत्तर द्यावयास बसले. ते उत्तर मुलाला पुरेसे वाटले नाही, तरी घरातील वाचन बंद पडले नाही आणि मुलाचे प्रश्नही बंद पडले नाहीत. तथागतांनी कालाम लोकांना केवळ परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नये असा जो उपदेश केला, त्याची ओळख होण्यापूर्वीच त्या मुलाच्या मनाने ती वाट धरली होती.

पुढे रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एका खोलीत सारा संसार होता. त्याच खोलीत चूल, तेथेच सामानसुमान, तेथेच जाते आणि तेथेच बांधलेली शेळी. दिवसभर माणसांचा राबता असलेल्या त्या खोलीत अभ्यासाला शांत कोपरा मिळणे अशक्य होते. रामजींनी त्यावर उपाय काढला. ते भीमरावांना संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि उत्तररात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवीत. मग तो दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. जागा वाढविणे रामजींच्या हाती नव्हते, म्हणून स्वतःची झोप कमी करून त्यांनी मुलासाठी शांततेचे काही तास मिळविले.

एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना भीमरावांचे वाचन शाळेच्या पुस्तकांबाहेर गेले. पाठ्यपुस्तके बाजूला ठेवून मुलगा भलतेच वाचतो, याची रामजींना काळजी वाटे. तरीही मुलाने नवे पुस्तक मागितले आणि ते आणावयाचे टाळले, असे त्यांनी केले नाही. पेन्शन तुटपुंजी होती. हातात पैसा नसला की रामजी जवळच राहणाऱ्या आपल्या विवाहित मुलीकडे जात आणि उसने पैसे मागत. तिच्याजवळही पैसे नसले तर तिचा एखादा दागिना घेऊन तो गहाण ठेवीत, पुस्तक विकत आणीत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत. भीमरावांच्या पहिल्या ग्रंथसंग्रहात त्यांच्या बहिणींच्या दागिन्यांचा असा वाटा आहे. बाबासाहेबांच्या चरित्रात या बहिणींना फार थोडी जागा मिळते. परंतु सासरी नांदणाऱ्या त्या मुलींनी भावाच्या पुस्तकासाठी अंगावरचा दागिना उतरवून दिला, ही गोष्ट आपल्या घरच्या मुलींना अवश्य सांगावी.

याच सुमारास घराबाहेरचा एक वाचक भीमरावांना भेटला. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे विल्सन हायस्कुलातील शिक्षक आणि मराठीतील नामांकित चरित्रकार. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. त्या बागेत एक शाळकरी मुलगाही रोज पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढविली आणि वाचावयास पुस्तके देऊ लागले. पुढे भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजातील मंडळींनी सत्कारसभा घेण्याचे ठरविले, तेव्हा रामजींनी प्रथम नकार दिला. पोराने एक परीक्षा काय ती दिली, सत्काराने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे मत होते. केळूसकरांनी त्यांची समजूत घातली, सभा झाली आणि त्या सभेत केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले.

ते पुस्तक वाचून भीमराव हेलावून गेले. घरी वर्षानुवर्षे वाचलेल्या कथांनी जे प्रश्न उभे केले होते, त्यांना येथे वेगळे उत्तर मिळत होते. येथे माणसाची थोरवी जन्मावर ठरत नव्हती. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नाही, मागील वाचनाची तुलना मनात होती, असे त्यांनी पुढे आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसे धम्माच्या वाटेवर आली, तिच्या मागे जवळजवळ अर्धशतकापूर्वी एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेले हे पुस्तक आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. केळूसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पार पडले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदारांचे निधन झाले. उत्तररात्री उठविणारा हात गेला. पण तोपर्यंत मुलाला स्वतःहून उठण्याची सवय लागली होती.

त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ज्या देशात त्यांना वाचनालयात कोठेही बसता येत होते, कोणतेही पुस्तक हाताळता येत होते, त्या देशात त्यांनी वेळेचा कण न् कण वाचनाला दिला. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांचा त्यांनी अभ्यास केला. पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. ते सारे त्यांच्यापर्यंत सुखरूप पोहोचले नाहीत. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले, तेव्हा त्यांचे सामान व ग्रंथ वेगळ्या जहाजाने पाठविले होते. पहिल्या महायुद्धाचा तो काळ होता. टॉर्पेडोच्या माऱ्याने ते जहाज बुडाले आणि ग्रंथ समुद्रात गेले. नुकसानभरपाई म्हणून मिळालेले पैसे पुढे बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या खर्चाला उपयोगी पडले. ग्रंथ मात्र परत आले नाहीत. त्यांनी पुन्हा जमवावयास आरंभ केला.

१९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत जावे आणि बंद होईपर्यंत उठू नये, असा त्यांचा दिनक्रम होता. दुपारच्या जेवणाला पैसे नसत आणि वेळही नसे. इकडे मुंबईत रमाबाई अत्यंत ओढगस्तीत संसार ओढीत होत्या. त्यांनी मुलांचे मृत्यू पाहिले, उपास काढले आणि तरीही पतीच्या अभ्यासात खंड पडू दिला नाही. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी बाबासाहेबांच्या नावापुढे लागली. वडिलांची झोप, बहिणींचे दागिने आणि पत्नीचे कष्ट यांच्या आधाराने हे वाचन पुरे झाले.

हे ऋण बाबासाहेब विसरले नाहीत. आपल्याला जे घरात मिळाले, ते ज्यांच्या घरात मिळणे शक्य नाही त्यांच्यासाठी काय करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे आणि वाचनालये व अभ्यासमंडळे चालविणे यांना अग्रस्थान होते. पुढच्याच वर्षी सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले आणि मुंबईत मोफत वाचनालय निघाले. विद्यार्थ्यांसाठी ‘सरस्वती विलास’ हे मासिकही चालविले गेले. चाळीतल्या शेळीजवळ बसून वाचलेल्या मुलाला निवाऱ्याच्या जागेचे, दिव्याचे आणि शांततेचे मोल ठाऊक होते. वसतिगृह म्हणजे ज्या मुलाला रामजींसारखे घर लाभले नाही, त्याच्यासाठी समाजाने उभारलेले घर. आपल्या निवासी शाळेचे नाते या परंपरेशी आहे.

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव धारण करणाऱ्या त्या वास्तूत माणसांपेक्षा पुस्तकांच्या राहण्याचा विचार अधिक केला होता. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत, मराठवाड्याच्या शिक्षणापासून वंचित राहिलेल्या भूमीत, महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. ज्याने भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारले, त्या राजाचे नाव विद्यालयाला द्यावे, यात लहानपणी वडिलांना प्रश्न विचारणारा भीम आपल्याला पुन्हा भेटतो.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्लीच्या अलीपूर रोडवरील निवासस्थानी प्रकृतीने खंगलेल्या बाबासाहेबांनी बुद्धवंदना ऐकली, कपाटातून काही ग्रंथ काढून घेतले आणि कबीराचे एक पद गुणगुणत ते आपल्या खोलीत गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेची प्रत त्यांनी पुन्हा एकदा पाहण्यासाठी जवळ ठेवून घेतली. ६ डिसेंबरच्या पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. रामजींच्या घरात ऐकलेला कबीर आणि केळूसकर गुरुजींच्या पुस्तकात भेटलेला बुद्ध, दोघेही त्या रात्री त्यांच्यासोबत होते.

आज आपल्या पुष्कळ घरांत एकाहून अधिक खोल्या आहेत, वीज आहे, पगार आहे. उत्तररात्री उठवावे लागावे अशी अडचण फार थोड्यांना आहे. तरीही मूल वाचीत नाही, मोबाइल सोडीत नाही, अशी तक्रार आपण करतो. त्या वेळी आपल्या हाती काय असते, हेही पाहावे. रामजींनी मुलाला वाच म्हटले आणि ते स्वतः ऐकावयास बसले. आपणही रोज पंधरावीस मिनिटे मुलाला मोठ्याने वाचावयास सांगावे आणि हातचे काम ठेवून ऐकावे. आजीला वाचता येत नसेल तर नातवाने तिला वाचून दाखवावे. दोघांनाही त्याचा आनंद आहे. मुलाने वाचलेल्यावर उलट प्रश्न केला तर त्याला गप्प बसवू नये, आणि बसविलेच तर दुसऱ्या वेळी रामजींप्रमाणे उत्तर द्यावे. अभ्यासाबाहेरचे पुस्तक त्याने मागितले तर काळजी वाटली तरी ते आणून द्यावे. आणि हे सारे मुलाइतकेच मुलीसाठीही करावे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. शाळेतील गुणवंतांच्या सत्काराला शाल-श्रीफळाऐवजी एक चांगले पुस्तक द्यावे आणि केळूसकर गुरुजींप्रमाणे त्या मुलाची नंतरही चौकशी करावी. दिलेल्या शंभर पुस्तकांपैकी कोणते पुस्तक कोणाच्या आयुष्यात काय घडवील, हे देणाऱ्याला कळत नसते. चर्नी रोडच्या बागेतील त्या शिक्षकालाही ते कळले नव्हते. त्यांनी आपल्याजवळचे चांगले पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या हाती ठेवले.

या वर्षी जयंतीला पुतळ्याला हार घालून आपण घरी परतू, तेव्हा मुलाला जवळ बसवावे आणि घरातले एखादे पुस्तक उघडून त्याला म्हणावे, तू वाच, मी ऐकतो.

जय भीम. नमो बुद्धाय.